दोन सिलिंडरचा खोंड

मी दातांची डॉक्टर आहे. भूगावात माझा दवाखाना आहे. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून मी एकटीच बोलत असते, त्यामुळे माझं म्हणणं कोणी मध्येच तोडलं की माझं डोकं सटकतं. मोटारसायकल शोधायच्या दिवसांत ते रोज सटकत होतं. कुठल्याही शोरूममध्ये गेलं की विक्रेता आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघायचा आणि मग मला थेट स्कूटरकडे घेऊन जायचा. "मॅडम, हिची डिकी बघा, आठवड्याची भाजी मावते." मला भाजी न्यायची नव्हती. मला पोट टाकीला टेकवून, कोपरं दुमडून मुळशीच्या वळणांवर आडवं व्हायचं होतं. हे सांगितलं की तो माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या नवऱ्याकडे बघायला लागायचा.

नवरा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि स्वभावानं शहाणा आहे, हा त्याचा मोठा दोष. "चार सिलिंडरची जपानी घे," तो म्हणायचा. "बिघडत नाही, पार्ट मिळतात, सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे." त्याचं सगळंच्या सगळं बरोबर होतं. म्हणून मी एक चार सिलिंडरची चालवून पाहिली. ती इतकी गुळगुळीत पळाली, की परत येईपर्यंत मला जांभई आली. आवाज तर हुबेहूब आमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्रेसरचा. आठवडाभर जो आवाज ऐकून कान किटतात, तोच रविवारी पैसे देऊन कोण ऐकेल?

मग एका रविवारी सकाळी मी माझ्या जुन्या, साध्या मोटारसायकलवर लवासाला गेले होते. तिथे तळ्याकाठच्या रंगीत इमारतींच्या खाली दुकानांची एक रांग आहे आणि त्यातली बरीच दुकानं कधी उघडलेलीच नाहीत. त्यातल्या एका शटरमागून आवाज आला. एकेक ठोका मोजून घ्यावा असा सुटा सुटा, मध्येच अडखळून पुन्हा चाल धरणारा. आणि त्या ठोक्यांच्या खाली कुणीतरी डब्यात खुळखुळे हलवत असल्यासारखी खळखळ. मी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि अर्ध्या उघड्या शटरखालून सरळ वाकून आत बघितलं. लाज मला तशीही कमीच आहे.

आत पिवळी मोटारसायकल मागच्या स्टँडवर उभी होती. इटलीतल्या एका लहानशा कंपनीची. ती कंपनी केव्हाच बुडाली आणि भारतात तसली दुसरी गाडी मी तरी आजवर पाहिलेली नाही. दोन जाडजूड सिलिंडर, व्हिक्टरीची खूण करताना आपण दोन बोटं फाकवतो तसे फाकलेले. सायलेन्सर सीटच्या खाली, शेपटीत. क्लच उघडा, म्हणून ती खळखळ. सीट एकच. आणि गाडीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक सत्तरीचे गृहस्थ गळ्याला पट्टा लावून, डोळे मिटून बसले होते, गाण्याच्या बैठकीला बसावं तसे.

"विकायची आहे का?" मी आवाजावर ओरडून विचारलं.

"नाही," ते डोळे न उघडता म्हणाले.

नाही म्हणाले आणि तासभर दाखवत बसले. ते मशीन टूल्समधले इंजिनियर. नोकरीनिमित्त युरोपात होते तेव्हा ही घेतली आणि परतताना घरच्या सामानाबरोबर आणली. निवृत्तीनंतर लवासाला घर घेतलं तेही रस्त्यासाठी, तळ्यासाठी नव्हे. निघेपर्यंत मी त्यांना काका म्हणायला लागले होते, फोन नंबरही ठेवून आले. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "डॉक्टर, तुम्ही ती चालवाल ना? दिवाणखान्यात नाही ना ठेवणार?" मी दवाखान्यातच उडी मारली. खुर्चीतला पेशंट दचकला आणि त्यानं माझा आरसा चावला.

मी फोनवरच हो म्हटलं असतं, पण माझ्या हातून एक चूक झाली. मी आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. ते कोळवण खोऱ्यात आमच्या गावी राहतात, उभा जन्म त्यांनी बैल पारखण्यात घालवलाय आणि त्यांच्या मते जगात विकत घेण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे जनावर. बाकी सगळं त्याच हिशोबात बसतं. "थोरल्या मान्साबिगर जनावर दावणीला बांधलंय का कदी आपल्या घरात?" असं म्हणून ते पुढच्या रविवारी जीपनं थेट लवासाला हजर. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. तिथल्या इटालियन धाटणीच्या कमानींखालून ते असे चालत आले, की जणू त्यांच्यासाठीच त्या बांधल्या होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा मात्र मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या तयारीत भिंतीला टेकून उभा राहिला.

आबांनी गाडीला आधी लांबून एक फेरी मारली. मग जवळून. मागच्या बाजूला उकिडवे बसून त्यांनी ठाण, म्हणजे उभं राहण्याची ढब, बघितली. टायरवर अंगठा दाबला. "खूर चांगलं हायेत," असा शेरा आला. मग काकांकडे वळून त्यांनी विचारलं, "दाताला कसा हाय?"

"आबा, दाताचं माझ्यावर सोडा," मी घाईघाईनं म्हटलं.

पण काका म्हणजे काकाच. ते गंभीरपणे म्हणाले, "वय झालंय. पण दात पक्के आहेत, गिअरचेसुद्धा."

"मारका हाय?"

"आहे. हलक्या हातानं वागवलं तर गरीब. हिसका दिला की पाडते."

"मंग बरूबर हाय," आबा खूश झाले. "लई गरीब जनावर कामाचं नसतंय." मग बाजारातला शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर सगळे खोटं देतात. "मंग इकताय का?"

काकांनी खोटं उत्तर दिलं नाही. "मानेचं ऑपरेशन झालंय. हिच्यावर वाकून बसायचं आणि मान उचलून पुढं बघायचं, ते आता जमत नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा चालवायची नाही. कधीच नाही. दोन वर्षं मी नुसती चालू करून ऐकतोय. पण उभी गाडी झिजते, आबा. तिला पळवणारं कुणीतरी हवं." त्यांनी टाकीवरून हात फिरवला. "भीती एकच वाटते. ही आहे तोवर मी मोटारसायकलवाला आहे. ही गेली की मी इथला एक म्हातारा, गॅलरीत बसलेला."

नवऱ्यानं मोबाइल खिशात टाकला. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पोरी, घे."

पैशांचं आमचं आधीच ठरलेलं होतं. कागद झाले, काकांनी दोन्ही चाव्या माझ्या हातावर ठेवल्या आणि मी हेल्मेट चढवणार, इतक्यात आबा कडाडले. "थांब! दोनी कशाला घेतुयास?"

"एक हरवली तर दुसरी, आबा."

"बैल इकला तरी दावं इकत न्हाईत. दावं जुन्या धन्याकडं ऱ्हातं, गोठा वस पडू नये म्हून. येकदा रीत मोडली की दोनी घरं बसत्यात." आणि त्यांनी माझ्या तळहातावरची एक चावी उचलून काकांच्या शर्टाच्या खिशात टाकली.

"आबा, ही चावी आहे! दावं नाही!"

"बांधायचं-सोडायचं कशानं करतीस?"

दात उपटताना मी कधी हरत नाही, पण इथे हरले. माझी गाडी, माझ्या नावावर, आणि तिची चावी दुसऱ्याच्या खिशात! काका नको नको म्हणत राहिले, पण त्यांचा हात मात्र तो खिसा घट्ट दाबून बसला होता. ते बघून मला पुढं भांडवेना.

त्यानंतरचे महिने मी जमिनीवर कमी आणि हवेत जास्त होते. खरं सांगायचं तर ती गाडी रोजच्या वापराला अत्यंत नालायक आहे. मागचा सिलिंडर मांडीखाली असा तापतो, की चांदणी चौकाच्या गर्दीत मला भाजीच्या कढईवर बसल्याचा भास होतो. हँडल जेमतेम वळतं, त्यामुळे यू-टर्नला मी पाय टेकत टेकत पुढं-मागं करते आणि मागचे हॉर्न वाजवत माझ्या कुळाचा उद्धार करतात. हळू चालवली की ती हिसके देते, घोड्याला गोमाशी चावल्यासारखी. पेट्रोल पंपावर माणसं गोळा होतात आणि डोळे विस्फारून तो एकच प्रश्न विचारतात, "किती देते?" मी म्हणते, "आनंद देते." ते म्हणतात, "ते ठीक आहे मॅडम, पण लिटरला किती?"

पण भूगाव, पिरंगुट मागे पडलं, पौड ओलांडलं आणि रस्ता मोकळा झाला की काय सांगू! गिअर खाली टाकायचा, मनगट वळवायचं, आणि ते दोन ठोके एकमेकांचा पाठलाग करत एक होऊन जातात. धरणाच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्यानं हसते. गाणी म्हणते, तीही बेसूर. एकदा कोळवणच्या वळणावर समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून मला सलाम ठोकला. त्या आनंदात मी पुढचा फाटा चुकले आणि भलत्याच फार्महाउसच्या फाटकात जाऊन उभी राहिले. दर पंधरा दिवसांनी मी लवासाला एक चक्कर मारायचे. काका खाली येऊन उभे राहायचे, एक फेरी ऐकायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या गिअरला उशीर करता तुम्ही." चहा पाजायचे. मी एकदा म्हटलं, "काका, बसून बघता का नुसतं?" त्यांनी जोरात मान हलवायचा प्रयत्न केला, पट्ट्यामुळे ती हलली नाही. "नको. बसलो तर उतरवणार नाही मला."

मग भाद्रपदातला पोळा आला. आबांचे बैल जाऊन काही वर्षं झाली, आता त्यांच्या खाचरात पॉवर टिलर चालतो. त्यामुळे पोळ्याच्या दिवशी त्यांचं तोंड सकाळपासून उतरलेलं असायचं. या वर्षी त्यांचा फोन आला तो हुकूमच होता. "खोंड घिऊन ये. अन् त्या सायबास्नी बी आन. दावं त्यांच्यापाशी हाय, त्यांच्याबिगर मिरवनूक कशी निगंल?"

मी वाजतगाजत गावात शिरले. गोंगाट ऐकून आबा हात हलवत धावत आले. "बंद कर, बंद कर! आज बैलाला जू लावत न्हाईत!"

"पण मग मिरवणूक?"

"समदी चालत जात्यात. ह्यो बी चालत जाईल."

म्हणजे ढकलायची. लोखंडाचा तो डोंगर गावभर ढकलायचा. मी नाही म्हणणार होते, पण तोवर आबा आणि काकू, म्हणजे आबांची बायको, कामाला लागले होते. आरशांना लाल गोंडे. सायलेन्सरला बेगड. सीटवर बैलांची जुनी झूल, पेटीतून काढलेली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. हँडलला हळद आणि तूप चोळलं. रंगाचा डबा टाकीच्या दिशेनं निघाला तेव्हा मात्र मी आडवी पडले, आणि शेवटी फक्त नंबरप्लेटच्या वर एक टिळा यावर तडजोड झाली. काकूंनी दिव्यासमोर पुरणपोळीचं ताट धरून ओवाळलं. नवरा काकांना आमच्या कारमधून घेऊन आला होता. काका ओसरीवरून हे सगळं बघत एवढे हसत होते, की एका हातानं त्यांना आपली मान धरून ठेवावी लागली.

मिरवणूक निघाली. पुढे गावात उरलेल्या बैलांच्या जोड्या, मागे हलगी, आणि हलगीच्या मागे आमचा पिवळा खोंड. काकांनी खिशातून चावी काढली आणि हँडलचं लॉक उघडलं, तो त्यांचा मान. एका बाजूनं मी हँडल धरलेलं, मागून नवरा आणि गावातले चार-पाच गडी लावलेले. काका माझ्या शेजारून एक हात झुलीवर ठेवून चालत होते. लोक दारात उभे राहून कुंकू लावत होते आणि हसत होते. "डॉक्टरीनबाई, बैलाला पेट्रोल पाजलं का?" मी घामानं निथळत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

मारुतीला नारळ फुटला. देवळापासून पुढे रस्ता खाली ओढ्यावरच्या पुलापर्यंत उतरतो, आणि बैल तिथवर नेऊन परत आणायची आमच्याकडे रीत आहे. बैल उतरले. हलगी उतरली. आम्ही थांबलो, कारण एवढं धूड उतारावर हातानं धरून राहत नाही. कुणीतरी वर बसून ब्रेक धरायला हवा होता. मी झूल बाजूला सारली, पाय उचलला आणि शेजारी पाहिलं. काका उताराकडे बघत होते. खालपर्यंत कोरडा, स्वच्छ रस्ता, दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, मध्ये डावीकडे एक लांब वळण, आणि शेवटी पूल.

मी पाय खाली ठेवला. "काका, तुम्ही बसा."

"डॉक्टर, मला चालवायची बंदी आहे."

"इंजिन बंदच आहे. आबा चालू करूच देणार नाहीत. तुम्ही नुसते बसा आणि ब्रेक धरा."

"अगं, त्यांची मान!" मागून नवरा ओरडला. मला माहीत होतं. खाली खड्डा लागला तर, ते पडले तर, हे सगळं क्षणात डोक्यातून गेलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी हँडल त्यांच्या हाती दिलं.

ते बसले. वाकले नाहीत, ताठच बसले, हात लांब करून बोटांच्या टोकांनी हँडल धरलं. आम्ही सगळ्यांनी मिळून हळूच पुढे लोटलं. दोन पावलं, चार पावलं, आणि मग माझ्या तळहातांखालून गाडी निघून गेली.

काहीही आवाज नव्हता. जिच्या आवाजासाठी मी जीव टाकला होता ती गाडी नुसती वाऱ्यासारखी खाली चालली होती, गोंडे उडत होते, बेगड चमकत होती. मी धावत सुटले, माझ्यामागे नवरा, गडी, टोपी हातात धरलेले आबा. "ब्रेक, काका, ब्रेक!" त्यांनी ब्रेक धरला नाही. वळण आलं. त्यांचा डावा खांदा जरासा खाली गेला, गाडी त्यांच्याबरोबर कलली, आणि वळणाच्या कडेवरून ते इतके देखणे निघून गेले, की मी धावायची थांबले. रस्त्याच्या मधोमध उभी राहून मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू फुटलं. एवढा आनंद मला स्वतः ती गाडी चालवताना कधी झाला नव्हता.

पुलाच्या अलीकडे रस्ता सपाट होतो. तिथे त्यांनी गाडी अलगद थांबवली आणि दोन्ही पाय टेकले. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा ते समोर ओढ्याकडे बघत होते आणि त्यांचे गाल ओले होते.

"मान?" मी विचारलं.

"दुखतेय," ते म्हणाले. "मस्त दुखतेय."

आबांनी कंबरेवर हात ठेवून मागच्या चढाकडे पाहिलं. बैल वळून परत निघाले होते. "चला सायेब, उतरा आता. वर न्यायचाय त्याला."

काका उतरले नाहीत. हँडल धरून बसून राहिले. आबांनी पुन्हा सांगितलं, नवऱ्यानं हात पुढे केला, मी डॉक्टरी आवाज काढला, तरी ढिम्म हलले नाहीत. शेवटी आबाच हसायला लागले आणि त्यांनी उपरणं कंबरेला कसलं. आम्ही गाडीला भिडलो आणि काकांसकट ती चढावर ढकलायला लागलो. वरून ते सूचना देत होते. "डावीकडे घ्या. खडी आहे तिथे. दमानं, दमानं." माझ्या दंडांचं पीठ झालं, नवऱ्याची चप्पल तुटली, आणि हसून हसून कोणाच्याच हातात जोर राहिला नव्हता.

वर देवळापाशी पोचलो तेव्हा मी हात झटकत पारावर जाऊन बसले. घाम पुसून वर बघते तर काका त्या जेमतेम वळणाऱ्या हँडलशी झगडत, पाय टेकत टेकत पुढं-मागं करत, गाडीचं तोंड पुन्हा उताराकडे वळवत होते.